नागपूरच्या आसपासच्या गावात नव्याने राहायला आलात? नगर परिषदेतली कामे अशी करून घ्या

बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी लागली, वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीने, उमरेडला किंवा सावनेरला बदली केली, शहरात प्लॉट परवडला नाही म्हणून वाडी-वानाडोंगरीकडे घर घेतले. अशी कितीतरी कुटुंबे नागपूरभोवतीच्या लहान गावांत येऊन वसतात. सामान लागते, मुलांच्या शाळा ठरतात, गॅसचा नंबर लागतो. मग कधीतरी घरटॅक्सची पावती हातात येते आणि तिच्यावर जुन्याच मालकाचे नाव असते. नळही त्याच्याच नावाचा असतो. नगर परिषदेत जावे लागणार हे तेव्हा कळते.

बहुतेक जण तिथे कोणाच्या तरी ओळखीने जातात. ओळख असली तर चांगलेच आहे, पण तिच्यावाचूनही ही कामे होतात आणि तशीच व्हावीत असे मला मनापासून वाटते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. काम नेमके कोणत्या कार्यालयाचे आहे ते आधी माहीत हवे, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची तारखेसह पोच हातात हवी.

आधी हद्द ठरवा

नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. महानगरपालिकेची हद्द सोडली की नगर परिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायती एकमेकींना लागून आहेत. रस्त्याच्या या बाजूला नगर परिषद आणि पलीकडे ग्रामपंचायत असेही चित्र दिसते. कामठीत नगर परिषद आहे आणि लष्कराची छावणीही आहे. छावणीचा कारभार वेगळ्या मंडळाकडे असतो. बुटीबोरी आणि हिंगण्याकडे एमआयडीसीच्या भूखंडांवरचे बांधकाम परवाने एमआयडीसीच देते. शहराबाहेरच्या ग्रामपंचायतींतल्या लेआऊटचा प्रश्न असेल, तर नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे एनएमआरडीएचे, दार गाठावे लागते.

हद्द ओळखायची सोपी खूण म्हणजे मागच्या वर्षीची कराची पावती. तिच्या डोक्यावर ज्या संस्थेचे नाव छापलेले असते, तिच्याकडे तुमच्या घराची नोंद असते. रजिस्ट्रीवर विसंबू नका. वाडी आणि बुटीबोरी या काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायती होत्या, त्यामुळे तिथल्या जुन्या कागदांवर अजून 'ग्रामपंचायत' आणि नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदीचा, क्रमांक दिसतो. अशा घराचा नवा मालमत्ता क्रमांक कर विभागात विचारून रजिस्ट्रीच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक अर्जात तो लागेल.

काही कामे नगर परिषदेची नाहीतच, तरी लोक तिथे रांग लावतात. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास तहसीलकडून, सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रामार्फत मिळतात. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा विभागाचे, सातबारा पटवाऱ्याकडचा, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) भूमी अभिलेख कार्यालयाची, रजिस्ट्री दुय्यम निबंधकाची आणि मीटर महावितरणचा. नगर परिषदेकडे उरतात ती कामे अशी: घरटॅक्स आणि त्यातली नावे, जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी, बांधकाम परवानगी, नळ, नाली, पथदिवे, गावातले रस्ते, कचरा, बाजार, झाड तोडण्याची परवानगी.

आत गेल्यावर कोणाला भेटायचे

नगर परिषदांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने चालतो. प्रशासनाचे प्रमुख मुख्याधिकारी. त्यांना राज्य शासन नेमते, लोक त्यांना सीओ साहेब म्हणतात. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतात. तुमच्या दाखल्यावरची किंवा नोंदीच्या आदेशावरची सही मात्र अधिकाऱ्याची असते, म्हणून दाखल्यासाठी नगराध्यक्षांच्या कक्षाबाहेर थांबण्यात वेळ जातो.

बराच काळ रखडलेल्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरात झाल्या, त्यामुळे आता प्रभागात विचारायला नगरसेवक आहेत. नगर परिषदेत साधारणपणे एका प्रभागातून दोघे निवडून येतात. नाली तुंबली, दिवा बंद आहे, घंटागाडी गल्लीत येत नाही, अशी सामूहिक कामे त्यांच्याकडे न्या. एकट्याने जाऊ नका, गल्लीतल्या पाच-दहा घरांच्या सह्यांचा अर्ज घेऊन जा.

रोजचे काम टेबलावर होते. कर विभाग, जन्म-मृत्यू विभाग, पाणीपुरवठा, बांधकाम आणि नगररचना, आरोग्य, आणि या सगळ्यांच्या आधी आवक-जावक. लहान नगरपंचायतीत एकच बाबू दोन-तीन टेबले सांभाळतो. तो वसुलीला किंवा पाहणीला बाहेर असेल तर परत कधी येईल ते विचारा आणि त्याच वेळी जा. 'भाऊ, हे काम तुमच्याकडेच आहे ना?' हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा. अर्धी पायपीट वाचते.

वेळेचेही गणित आहे. मार्चमध्ये सगळा कर विभाग वसुलीवर असतो. कर भरायला तेव्हा जा, नाव चढवायला जाऊ नका. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते आणि जिल्ह्याची यंत्रणा त्यात गुंतते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचे ऊन माहीतच आहे. कार्यालय उघडल्याबरोबर पोहोचा, म्हणजे दुपारच्या आत घरी परतता येईल, आणि सोबत आलेल्या म्हाताऱ्या माणसाचे हाल होणार नाहीत.

अर्ज आणि पोच

छापील नमुना असेल तर तो भरा. नसेल तर साध्या कागदावर लिहिलेला अर्जही चालतो. भाषा फुलवायची गरज नाही. असा पुरेसा होतो:

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगर परिषद, ............

विषय : मालमत्ता क्र. ...... च्या कर नोंदीत माझे नाव दाखल करण्याबाबत.

महोदय,
प्रभाग क्र. .... मधील वरील मालमत्ता मी नोंदणीकृत खरेदीखत क्र. ......, दि. ...... अन्वये श्री. ............ यांच्याकडून विकत घेतली आहे. चालू वर्षापर्यंतचा कर भरलेला आहे. तरी कर आकारणी नोंदवहीत माझ्या नावाची नोंद करून मला उतारा मिळावा, ही विनंती.

सोबत : १) खरेदीखत व सूची २ (इंडेक्स टू) ची प्रत २) कराची पावती ३) आधारकार्डाची प्रत

आपला/आपली,
नाव, पूर्ण पत्ता, मोबाईल क्रमांक, सही व दिनांक

लिहिता येत नसेल किंवा मराठी पक्की नसेल, तर तहसील किंवा कोर्टाच्या आवारातला अर्जनवीस थोड्या पैशांत हाच अर्ज लिहून देतो. हा माणूस उपयोगाचा आहे. 'मी आतून करून देतो' म्हणणारा दलाल निराळा, त्याच्या हातात मूळ कागद कधीच देऊ नका.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. 'ठेवून जा, पाहतो' असे उत्तर आले तर नम्रपणे, पण तिथून न हलता सांगा : 'साहेब, एवढा आवक नंबर टाकून द्या.' या सहीला मी इतके महत्त्व देतो, कारण कायद्याने दिलेली प्रत्येक मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. पोच नसेल तर तुम्ही अर्ज केला होता हेच सिद्ध करता येत नाही. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केलात तर ही पोच आपोआप मिळते, तो क्रमांक जपून ठेवा. टेबलावर पावती न देता रोख पैसे मागितले तर देऊ नका. लाच मागितली जात असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

घर घेतले, आता नाव चढवायचे

नव्या माणसाचे सगळ्यात मोठे आणि सगळ्यात जास्त लांबणीवर पडणारे काम हेच. रजिस्ट्री झाली की घर आपले झाले असे समजून लोक निवांत होतात. दुय्यम निबंधकाचे कार्यालय निराळे आणि नगर परिषदेची कर नोंदवही निराळी. खरेदी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत हस्तांतरणाची सूचना नगर परिषदेला द्यायची असते. ती दिली नाही तर मागणीचे बिल जुन्या मालकाच्या नावाने निघत राहते, तो ते भरत नाही, तुम्हाला ते कळत नाही, आणि थकबाकी घरावर चढते. वेळेत न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. चार-पाच वर्षांत ती मूळ कराला जाऊन भिडते.

म्हणून घर घेण्याआधीच, इसार देण्यापूर्वी, विकणाऱ्याकडून दोन कागद मागा : चालू वर्षाचा कर आकारणी उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली हे दोन्ही कागद तीन दिवसांत मिळायचे असतात. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्यात काहीतरी आहे असे समजा.

खरेदीने नाव चढवायला वरच्या अर्जातले कागद आणि नगर परिषदेने ठरावाने ठरवलेले हस्तांतरण शुल्क लागते. शुल्क गावागणिक वेगळे असते, पावती घेऊन भरा. वारसाने नाव चढवायचे असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांबद्दलचे प्रतिज्ञापत्र किंवा वारस प्रमाणपत्र आणि इतर वारसांची संमती लागते. इथे एक कळकळीची विनंती. बहिणींची नावे गाळून अर्ज करू नका. 'ती सासरी आहे, तिला काय करायचे' म्हणून केलेल्या अशा नोंदींवरून पुढे वर्षानुवर्षे भांडणे चालतात, आणि मुलीचा हक्क तर कायद्याने आहेच. दोन्ही प्रकारच्या नोंदींना १५ दिवसांची मुदत आहे. कोणी हरकत घेतली तर सुनावणी होते आणि वेळ वाढतो.

कराच्या नोंदीत नाव आले म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हेही लक्षात असू द्या. मालकी खरेदीखताने आणि जमिनीच्या अभिलेखाने ठरते. परवानगी न घेता बांधलेल्या मजल्यावरही नगर परिषद कर लावते, पण त्याने ते बांधकाम अधिकृत होत नाही. म्हणून 'टॅक्स पावती आहे ना, मग कशाला घाबरता' असे प्लॉटवाला म्हणाला तर पुढे विचारा : अकृषक (एनए) आदेश कुठे आहे? मंजूर नकाशा कुठे आहे? लेआऊट नियमित झाला असेल तर ते पत्र, ज्याला नागपुरात सगळे आरएल म्हणतात, ते दाखवा. विदर्भातल्या जुन्या वस्त्यांत काही जागा नझूलच्या, म्हणजे शासनाच्या पट्ट्यावरच्या असतात. तिथे पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण आखीव पत्रिकेवरून तपासा. तोंडी भरवशावर आयुष्यभराची कमाई लावलेली कुटुंबे या जिल्ह्यात फार आहेत, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

बिल्डरकडून फ्लॅट घेणार असाल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नका.

कर जास्त वाटला तर

साधारण दर चार वर्षांनी कराची फेरआकारणी होते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. घरांची मोजणी होते, यादी लागते, नोटीस येते. नोटीस आली की आकडा पाहून घाबरण्याआधी तीन रकाने वाचा : मोजमाप, बांधकामाचा प्रकार, वापर. चुका इथेच असतात. टिनाच्या शेडला स्लॅब धरलेले असते, किंवा समोरची खोली कधीकाळी दुकान होती म्हणून घर अजून व्यावसायिक वापरात दाखवलेले असते. वार्षिक भाडेमूल्यातून १० टक्के दुरुस्तीपोटी वजा करून करयोग्य मूल्य निघते आणि त्यावर कराचे दर लागतात, तेव्हा मुळातले मोजमाप चुकले की पुढचे सगळेच चुकते. नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला टेपने मोजलेला नकाशा व घराचे फोटो घेऊन जा. मुदत गेल्यावर आरडाओरड करून उपयोग होत नाही. घरात माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा पत्नी असतील, तर माजी सैनिक सन्मान योजनेखालील करसवलतीचा अर्ज वेगळा करावा लागतो. तो कर विभागात मागा.

जन्म, मृत्यू, लग्न

जन्म-मृत्यूची नोंद जिथे घटना घडली तिथे होते, राहत्या गावी होत नाही. नव्या आईबापांचा गोंधळ इथे हमखास होतो. राहणे उमरेडला, पण बाळंतपण नागपुरात डागा, मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात झाले असेल, तर नोंद नागपुरातलीच. उमरेडच्या नगर परिषदेत तो दाखला निघणार नाही. दवाखान्यातून सुटी घेतानाच नोंदीची माहिती कोणी आणि कोणाकडे पाठवली ते विचारा, आणि आईबापांच्या नावांचे स्पेलिंग आधारकार्डाशी जुळवून द्या. नंतरच्या दुरुस्तीपेक्षा ती पाच मिनिटे फार मोलाची आहेत.

घरी घडलेल्या घटनेची माहिती २१ दिवसांत द्यायची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षभरापर्यंत सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बारसे व्हायचे असेल तर नाव न लिहिताही नोंद करता येते, नाव नंतर चढते. मात्र ते विसरू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा झाला आहे.

विवाह नोंदणी नवरा किंवा नवरी जिथे राहते तिथल्या निबंधकाकडे होते. दोघे, तीन साक्षीदार, लग्नाची पत्रिका, फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे. तीनही साक्षीदार एकाच दिवशी मोकळे असतील अशी तारीख आधी ठरवा, तिथेच गाडी अडते.

काम झाले नाही तर

लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवा, त्यांची मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांचा फलक प्रत्येक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. पहिल्या भेटीतच त्याचा मोबाईलवर फोटो काढा. नळजोडणीला १५ दिवस, झोन दाखल्याला ७ दिवस अशा मुदती त्यावर दिसतील. मुदत संपली किंवा अर्ज नाकारला गेला, तर त्या दिवसापासून ३० दिवसांत पहिले अपील करा. नाकारताना कारण लेखी द्यावे लागते, तेव्हा 'होत नाही' असे तोंडी ऐकून परत फिरू नका. दुसरे अपील वरच्या अधिकाऱ्याकडे आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाते. पुरेसे कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते.

माझा अनुभव असा की अपिलाचा कागद दाखल होण्याआधीच कित्येक कामे मार्गी लागतात. आवक क्रमांक आणि तारीख लिहिलेले साधे स्मरणपत्र दिले, तरी फाईल कपाटातून टेबलावर येते. टेबलावरच्या बाबूवर चिडू नका. मंजूर पदांपेक्षा माणसे कमी असताना तो दोघांचे काम करत असतो, आणि उद्या दुसऱ्या कामाला पुन्हा त्याच्यासमोरच उभे राहायचे असते.

अर्जाचे काय झाले, कोणाच्या टेबलावर किती दिवस राहिला, हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. 'माझे काम का केले नाही' असे विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. 'आवक क्र. अमुक, दि. अमुक या अर्जावरील टिपणी व शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात' असे मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाचे नागपूर खंडपीठ.

तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तहसीलमध्ये आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो. आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, असा क्रम ठेवा.

सभेला बसा

नगर परिषदेची सर्वसाधारण सभा किमान दोन महिन्यांतून एकदा घ्यावीच लागते आणि ती लोकांसाठी खुली असते. नवीन माणूस तिथे क्वचितच फिरकतो, याचे मला वाईट वाटते. नळाचे दर, बाजाराचा ठेका, कोणत्या वस्तीत आधी नाली होणार, हे सगळे तिथे ठरते. सभेची नोटीस विषयपत्रिकेसह आधी निघते. ती सूचना फलकावर वाचा, किंवा नगरसेवकाकडून मागून घ्या. तुमच्या वस्तीचा विषय असेल तर सभेच्या आधीच नगरसेवकाला लेखी द्या, कारण प्रेक्षकांतून बोलता येत नाही. झालेल्या ठरावाचा क्रमांक लिहून घ्या आणि त्याची साक्षांकित प्रत मागा. पुढच्या अर्जात 'ठराव क्र. अमुक नुसार' एवढे लिहिले की बांधकाम विभागाला तो विषय नव्याने समजावून सांगावा लागत नाही.